अंध बांधवांनाही व्यायाम हवा, सोबत आपण देऊ

वाशिम जिल्ह्यातल्या गावांत काम करताना आम्ही पाहतो, "पडेल, लागेल" या काळजीपोटी अंध माणसाला घरातच बसवून ठेवतात. बसून वजन वाढते, मधुमेहाचा धोका वाढतो, मन खचते. शेजारच्या अमरावतीच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आपल्याला तर फक्त सोबत चालायचे आहे. हातभर दोरीचे एक टोक त्यांच्या हाती, दुसरे आपल्या. खड्डा, वळण, पायरी आधीच सांगायची. जागतिक आरोग्य संघटना दिव्यांग प्रौढांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. वस्तीतल्या अंध बांधवांना, भगिनींना वंदनेसाठी विहारात आणूया आणि वंदनेनंतर पटांगणात सोबत चालूया. मैत्री आणि करुणेची सुरुवात इथूनच करू.