तारुण्यपिटिका : त्वचेखालील प्रक्रिया आणि तात्काळ उपायांचा मोह

प्रस्तावना :

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचे वर्णन करताना ‘मुखदूषिका’ या विकाराचा उल्लेख आला आहे. तरुणांच्या चेहऱ्यावर शाल्मलीच्या काट्यांसारख्या पिटिका उठतात व त्यामागे कफ, वात आणि रक्त ही कारणे असतात, असे तेथे सांगितले आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलातून हिंडलेल्यास तिच्या खोडावरील, बुडाशी रुंद व टोकाशी अणकुचीदार असे काटे परिचित असतात; त्यामुळे या उपमेची अचूकता वेगळी सांगावयास नको. बोलीभाषेत याच विकारास आपण मुरूम म्हणतो. रस्त्यावर टाकावयाच्या मुरुमाशी असलेले नामसाम्य विद्यार्थ्यांच्या थट्टेचा विषय होते, परंतु ज्याच्या चेहऱ्यावर ते असतात त्याला ही थट्टा सोसवत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, छायाचित्र काढून घेण्यास टाळाटाळ करणारी मुले-मुली आपण सर्वच प्राध्यापक पाहतो.

प्रस्तुत लेखात मुरुमाची त्वचेखालील जडणघडण स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. डोळ्यांना दिसणारा मुरूम हा या प्रक्रियेचा आरंभ नसून तिचा अखेरचा टप्पा असतो. ही एक गोष्ट लक्षात न आल्यामुळेच बहुतेक घरगुती व दुकानातील उपाय फसतात.

त्वचेखाली काय घडते :

त्वचेवरील प्रत्येक सूक्ष्म छिद्र हे एका नलिकेचे तोंड असते. या नलिकेत केसाचे मूळ असते व तिच्या बाजूस तैलग्रंथी जोडलेली असते. चेहऱ्यावर या ग्रंथी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४०० ते ९०० इतक्या दाट असतात. छाती व पाठीचा वरचा भाग येथेही त्या पुष्कळ असतात. म्हणूनच मुरूम येथेच येतात, तळहातावर येत नाहीत. ग्रंथीत तयार होणारा स्निग्ध पदार्थ, म्हणजेच त्वक्स्नेह, नलिकेतून वर येऊन त्वचेवर पसरतो. नलिकेच्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन त्याच्याबरोबर वाहून जातात.

वयात येताना अँड्रोजेन या गटातील संप्रेरके वाढतात. तैलग्रंथीतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करते, ग्रंथी आकाराने मोठी होते आणि त्वक्स्नेहाचे प्रमाण वाढते. मुरूम असलेल्या बहुसंख्य तरुणांच्या रक्तातील संप्रेरके सामान्य पातळीतच असतात. त्यांच्या ग्रंथी मात्र त्या संप्रेरकांना अधिक तीव्र प्रतिसाद देतात. ही संवेदनशीलता बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. मुलींमध्ये मासिक पाळीची अनियमितता व हनुवटीवर केसांची वाढ ही लक्षणे मुरुमांसोबत आढळल्यास अंडाशयाच्या विकाराची तपासणी आवश्यक ठरते.

याच सुमारास नलिकेच्या अस्तरातील पेशी सुट्या होण्याऐवजी परस्परांस चिकटू लागतात. केराटिन आणि त्वक्स्नेह यांचे मिळून एक सूक्ष्म बूच तयार होते. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, आणि त्यापासून प्रत्यक्ष मुरूम दिसू लागेपर्यंत अनेक आठवडे जातात. सोमवारी आरशात दिसलेल्या मुरुमाचे कारण रविवारच्या लग्नातील पंगतीत शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. बूच वाढून छिद्राचे तोंड बंद राहिले तर पांढरा ठिपका म्हणजे व्हाइटहेड दिसतो. तोंड उघडे राहिले तर काळा, म्हणजे ब्लॅकहेड. हा काळेपणा मळाचा नसून त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याचा व हवेच्या संपर्काने बदललेल्या स्निग्ध पदार्थांचा असतो. तो साबणाने घासून जात नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवे.

बंद झालेल्या नलिकेत प्राणवायू कमी व स्निग्ध अन्न विपुल अशी स्थिती निर्माण होते. ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ या जिवाणूस ती मानवते. (२०१६ पर्यंत तो ‘प्रोपिओनिबॅक्टेरियम’ या नावाने ओळखला जाई, जुन्या पाठ्यपुस्तकांत तेच नाव आढळेल.) हा जिवाणू निरोगी त्वचेवरही वास करतो. त्यामुळे मुरूम हा दुसऱ्याकडून लागणारा संसर्ग नव्हे. तो त्वक्स्नेहातील मेदाचे विघटन करतो व शरीराच्या प्रतिकारयंत्रणेस जागे करतो. अखेर नलिकेची भिंत आतल्या आत फुटते, तिच्यातील द्रव्य सभोवतालच्या ऊतीत पसरते, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लाल, दुखरी, पूयुक्त पुटकुळी वर येते. दाह ही केवळ शेवटची पायरी आहे, असे पूर्वी मानले जाई. तथापि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या नलिकांभोवतीही दाहाच्या खुणा आढळल्या. मुरूम दाबून फोडल्यास हे द्रव्य बाहेर येते तितकेच आतही ढकलले जाते आणि व्रणाची शक्यता वाढते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर मुरूम बरा झाल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

ऊन, धूळ आणि आहार :

आपल्या जिल्ह्यात ‘अंगातली उष्णता’ हे मुरुमांचे सर्वमान्य कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकत असताना या समजुतीस बळ मिळणे स्वाभाविक आहे. उष्मा मूळ कारण नसला तरी घाम, आणि चेहऱ्यास घट्ट गुंडाळलेला स्कार्फ किंवा हेल्मेटचा पट्टा यांचे घर्षण, यांमुळे आधीच बुजत चाललेल्या नलिका अधिक चिडतात. स्कार्फ वापरू नये असे नव्हे. तो सैल, सुती व रोज धुतलेला असावा. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरल्यासही तेथील छिद्रे बुजतात.

आहाराविषयी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील सुमारे १२०० व्यक्ती तपासल्या असता एकाही व्यक्तीस मुरूम आढळला नाही. साखर व मैदा त्यांच्या आहारात जवळजवळ नव्हते. अर्थात त्यांची आनुवंशिकताही भिन्न आहे, म्हणून यावरून थेट अनुमान काढणे योग्य नव्हे. रक्तशर्करा झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी करण्याचा सल्ला मात्र रास्त वाटतो.

स्टेरॉईड मलमांचा प्रश्न :

खरी चिंतेची बाब वेगळीच आहे. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकाराचे २९२६ रुग्ण पाहण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉईड मलम लावीत होते. १०४ जणांनी ते मुरुमांसाठीच लावले होते. सुमारे ५९ टक्के रुग्णांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त कोणी तरी सुचविले होते. तीव्र स्वरूपाच्या मलमांचा वापर ग्रामीण व निमशहरी भागात अधिक होता. वापरणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांना दुष्परिणाम झाले आणि त्यांत सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरूम येणे अथवा वाढणे! मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत आणली. परंतु औषधाच्या दुकानातून ‘गोरे होण्याची क्रीम’ म्हणून नळी मागण्याची सवय अधिसूचनेने मोडत नाही.

वरील विवेचनावरून यामागील कारण सहज उमगते. स्टेरॉईड दाह दडपते, त्यामुळे तीन-चार दिवसांत लाली ओसरते व विद्यार्थी समाधानी होतो. नलिकेतील बूच मात्र जागच्या जागी राहते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात. याउलट बुचावरच काम करणारी ॲडापॅलीनसारखी औषधे, व जिवाणूंची संख्या घटविणारे बेंझॉईल पेरॉक्साईड, यांचा परिणाम दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडून विद्यार्थी ती सोडूनही देतात. गंभीर रुग्णांना दिले जाणारे आयसोट्रेटिनॉईन गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकते, म्हणून ते मैत्रिणीच्या डबीतून घेण्याची वस्तू नव्हे.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून उमरखेड रस्त्याने शंभर किलोमीटरहून दूर आहे. तेथील विद्यार्थ्याला कोपऱ्यावरचे दुकानच जवळचे वाटणार. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा आरोग्य तपासणीच्या दिवशी शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘कोणते मलम लावतोस, त्याची नळी दाखव.’ नळीवरील नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ अशी अक्षरे दिसली तर ते बहुधा स्टेरॉईड असते. मात्र ते आजच फेकून दे, असेही सांगू नये. बरेच दिवस लावलेले मलम एकाएकी थांबविल्यास चेहरा लाल होऊन आग होते व पुटकुळ्या पूर्वीपेक्षा जोमाने उसळतात. ही अवस्था काही आठवडे टिकते, आणि मलमच बरे होते असे वाटून विद्यार्थी तीच नळी पुन्हा विकत आणतो. ते हळूहळू कसे सोडावे, हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.