गुगल रीडर बंद झाला: संशोधनाचं वाचन कसं वाचवायचं?

१३ मार्च २०१३ ला गुगलने जाहीर केलं की १ जुलै २०१३ पासून गुगल रीडर बंद होणार. वापरणारे कमी होत चाललेत आणि कंपनीला मोजक्याच उत्पादनांवर लक्ष द्यायचंय, असं कारण दिलं. लाखाहून जास्त लोकांनी ‘बंद करू नका’ म्हणून ऑनलाइन याचिकेवर सह्या केल्या, पण निर्णय काही बदलला नाही.

एरवी मी इथे प्रयोगशाळेतल्या गोष्टी समजावून सांगते. आज त्याच्या आधीच्या पायरीबद्दल, म्हणजे वाचनाबद्दल लिहितेय. तुम्ही पीएचडी करत असाल, करायच्या विचारात असाल, किंवा नुसतेच वीस-पंचवीस ब्लॉग नियमाने वाचत असाल, तर हे तुमच्याही कामाचं आहे.

फीड म्हणजे काय आणि रीडर करतो काय?

बहुतेक ब्लॉग, वर्तमानपत्रं आणि संशोधनपत्रिका आपल्या साइटवर एक साधी फाइल ठेवतात. नवा लेख आला की त्याचं शीर्षक, दुवा, तारीख आणि थोडा मजकूर त्या फाइलीत वर जोडला जातो, आणि तळाची जुनी नोंद गळून पडते. ही फाइल म्हणजे फीड. ती लिहायची ठरलेली पद्धत म्हणजे आरएसएस. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये नेटस्केपने काढली. ॲटम नावाची दुसरी पद्धतही आहे, पण वाचणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवत नाही.

रीडरचं काम पोस्टमनच्या उलटं. पोस्टमन पत्र घेऊन आपल्या दारी येतो. रीडर मात्र ठराविक वेळाने प्रत्येक साइटच्या दारी जाऊन विचारतो, ‘काही नवीन?’ असेल तर आणतो, आणि तुम्ही काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवतो. गुगल रीडर २००५ मध्ये आला तेव्हापासून बंद होईपर्यंत हेच करत होता.

इथे पहिली दिलाशाची गोष्ट लक्षात घ्या. बंद झाला तो रीडर, फीड नाही. पेपर टाकणाऱ्याने धंदा बंद केला म्हणून छापखाना थांबत नाही. आपल्याला फक्त दुसरा पेपरवाला शोधायचाय. आणि त्याला आपल्या पेपरांची यादी द्यायचीय.

संशोधकाला हे इतकं का लागतं?

पब्मेड या वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधनाच्या सूचीत २०१३ मध्ये २ कोटी २० लाखांहून जास्त नोंदी होत्या आणि रोज नव्या पडतात. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या आठवड्याला दहा-पंधरा. त्या चुकल्या तर काय होतं? जो प्रयोग करायला आपण सहा महिने घालवणार आहोत, तो कुणीतरी आधीच करून छापलेला असू शकतो. ते सबमिशनच्या वेळी परीक्षकाकडून कळण्यापेक्षा त्याच आठवड्यात कळलेलं बरं.

म्हणून फीडचा खरा उपयोग पत्रिका ‘लावण्यात’ नाही, शोध ‘लावण्यात’ आहे. पब्मेडवर तुमचे शब्द टाकून शोध घ्या, उदाहरणार्थ जिवाणूचं नाव आणि औषधाचं नाव. शोधाच्या चौकटीखाली आरएसएसचा दुवा दिसतो. त्यावरून त्या शोधाचीच फीड बनते. पुढे त्या शब्दांत बसणारा कुठलाही पेपर कुठल्याही पत्रिकेत आला तरी तो आपोआप तुमच्याकडे येतो. फीड बनवताना एका वेळी किती नोंदी दाखवायच्या हेही विचारतात. तो आकडा मोठाच ठेवा. का ते पुढे सांगते.

भौतिकशास्त्र, गणित, खगोलशास्त्रवाल्यांचं आर्काइव्हवर अवलंबून असतं. तिथे प्रत्येक शाखेची वेगळी फीड आहे. भारतातल्या वेळेनुसार नवी यादी पहाटे साडेपाचच्या सुमारास येते, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर वाचायला तयार.

काय हरवलं?

तुमच्या फीडची यादी वाचवता येत होती. पण एक गोष्ट खरंच गेली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही: जुना साठा.

वर म्हटलं तसं फीडच्या फाइलीत शेवटच्या काही नोंदीच असतात. गुगल रीडर मात्र आणलेली नोंद टाकून देत नव्हता. त्यामुळे एखादा ब्लॉग बंद पडला, साइटच गायब झाली, तरी त्यावरचे जुने लेख रीडरमध्ये वाचता यायचे आणि शोधताही यायचे. एखाद्या संशोधकाने प्रयोगाच्या बारीकसारीक युक्त्या ब्लॉगवर लिहिल्या, मग नोकरी बदलली, ब्लॉग गेला. अशा मजकुराची प्रत कितीकदा फक्त तिथेच उरलेली असायची. नव्या रीडरमध्ये तुमची यादी गेली तरी हा मजकूर तिच्यामागून येत नव्हता. असं काही तुमच्याकडे असेल तर ते वेळेत उघडून मजकूर उतरवून घ्यायला, किंवा पीडीएफ करून ठेवायला हवं होतं.

१ जुलै २०१३ च्या आधी करायची होती ती कामं

१. आधी छाटणी करायची होती. रीडरमध्ये ‘ट्रेंड्स’ नावाचं पान होतं. तुम्ही कुठल्या फीड खरोखर वाचता आणि कुठल्या कधीच्याच थंड पडल्यात, ते तिथे दिसायचं. घर बदलताना माळ्यावरचं सगळं सामान आपण नेत नाही, तसंच इथेही. हे पानही रीडरबरोबर गेलं, म्हणून हे काम पहिलं होतं.

२. यादी उतरवून घ्यायची होती. गुगल टेकआउटमध्ये जाऊन रीडर निवडलं की एक झिप फाइल मिळायची. तिच्यातली ‘सबस्क्रिप्शन्स’ नावाची एक्सएमएल फाइल सर्वांत महत्त्वाची. ती ओपीएमएल या पद्धतीत लिहिलेली असायची आणि बहुतेक रीडर ती वाचू शकत होते. तुम्ही केलेले फोल्डरही तिच्यात यायचे. एक प्रत संगणकावर, एक पेनड्राइव्हवर, एक स्वतःलाच ईमेल. डेटा उतरवायला १५ जुलै २०१३ पर्यंत मुदत होती.

३. तारांकित नोंदींची वेगळी सोय लावायची होती. त्याच झिपमध्ये तारा लावलेल्या नोंदींची जेसन फाइल असायची. ती फाइल प्रत्येक रीडर घेईलच असं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ‘नंतर वाचू’ म्हणून तारा लावलेले पेपर रीडरमध्ये असायलाच नकोत. झोटेरो हा फुकट कार्यक्रम घ्या. त्यात जादूच्या कांडीचं चिन्ह आहे. तिथे पेपरचा डीओआय किंवा पब्मेडचा क्रमांक टाकला की लेखक, पत्रिका, वर्ष सगळं आपोआप भरलं जातं. थिसिसची संदर्भसूची करताना हेच उपयोगी पडेल. शंभरेक पेपर असतील तर एक रविवार पुरे.

४. नवा रीडर वेळेआधीच सुरू करायचा होता. जून महिनाभर जुना आणि नवा दोन्ही चालू ठेवायचे होते. एखादी फीड नव्यात दिसत नसेल तर ते जुना चालू असतानाच कळायला हवं होतं.

पर्याय कोणते?

फीडली: तेव्हा सर्वांत जास्त लोक इकडेच वळले होते. घोषणेनंतरच्या ४८ तासांत पाच लाख नवे लोक आल्याचं त्यांनीच सांगितलं. गुगलच्या खात्याने आत गेलं की फीड आपोआप यायच्या. मात्र हे १ जुलै २०१३ च्या आधीच करायला हवं होतं.

द ओल्ड रीडर: २०११ मध्ये गुगलने रीडरमधून मित्रांशी लेख वाटून घ्यायची सोय काढली, तेव्हा नाराज झालेल्यांनी बनवलेला. रूप जुन्या रीडरसारखंच. २०१३ मध्ये गर्दी असल्याने यादी चढायला वेळ लागत होता.

न्यूजब्लर: एकट्या माणसाने सुरू केलेला. फुकटात ६४ फीड, त्यापुढे वार्षिक वर्गणी. कार्यक्रमाचा कोड सर्वांना खुला आहे.

डिगनेही २०१३ मध्ये रीडर बनवत असल्याचं जाहीर केलं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्याच संगणकावर चालणारा रीडर. थंडरबर्डमध्ये ईमेलबरोबर फीडही वाचता येतात, लिनक्सवर लाइफरिया आहे. कंपनी बंद पडायची भीती नाही. पण एक अडचण आहे. हा रीडर संगणक चालू असेल तेव्हाच दारोदार फिरतो. आर्काइव्हच्या फीडमध्ये फक्त ताजी यादी असते. दोन दिवस गावाला गेलात, किंवा लोडशेडिंगमुळे संगणक बंद राहिला, की ते दोन दिवस कायमचे चुकले. पब्मेडच्या फीडचा आकडा मोठा ठेवा म्हटलं ते याचसाठी. तेव्हा आर्काइव्हवाल्यांनी सर्व्हरवर चालणारा रीडरच घ्यावा, जीवशास्त्रवाल्यांचं संगणकावरच्या रीडरवरही भागेल.

आणि रीडरच नको असेल तर? पब्मेडच्या शोधाची ईमेल सूचना लावता येते, बहुतेक पत्रिका अनुक्रमणिका ईमेलने पाठवतात. पण गाइडची ईमेल, वसतिगृहाची नोटीस आणि चाळीस पेपरांची नावं एकाच इनबॉक्समध्ये आली की आधी दुर्लक्ष कशाकडे होतं, ते तुम्हाला माहीत आहे. ईमेल निवडलीत तर त्यासाठी वेगळं फोल्डर आणि आपोआप छाननीचा नियम, दोन्ही पहिल्याच दिवशी करा.

निवडताना एकच प्रश्न विचारा

कुठलाही रीडर घेण्याआधी त्याचं रूप, फोनवरचं ॲप वगैरे बघाच, पण त्याआधी बघा की इथून माझी यादी बाहेर काढता येते का. येत असेल तर उद्या तोही बंद पडला तरी आपलं फार नुकसान नाही.

गुगलचं एक मात्र मान्य करायला हवं, त्यांनी साडेतीन महिने आधी सांगितलं आणि जाताना सामान न्यायला दार उघडं ठेवलं. प्रत्येक सेवा तेवढी सभ्य असेलच असं नाही. म्हणून कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी एक दिवस लावून ठेवा: यादी उतरवायची, झोटेरोची प्रत काढायची. प्रयोगाच्या वहीची झेरॉक्स आपण काढून ठेवतोच ना, मग वाचनाचीही ठेवू.