घरपट्टी: खरेदीची किंमत, पावती आणि सवलत

‘फ्लॅट महाग घेतला, म्हणून घरपट्टी जास्त आली.’ हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे. पण बिल्डरला तुम्ही किती मोजले, याच्याशी आकारणीचा थेट संबंध नसतो.

पुणे महापालिका करपात्र मूल्यावर कर लावते. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, हे परिसर, बांधकामाचा प्रकार, वापर आणि क्षेत्रफळ पाहून ठरवतात आणि दुरुस्तीपोटी कायद्याप्रमाणे 10 टक्के वजावट देतात. महिना 2,000 रुपये भाडं धरलं, तर वर्षाचे झाले 24,000 आणि करपात्र मूल्य 21,600. कराचे दर या आकड्यावर लागतात. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. तिथे आधार रेडीरेकनरचा, आणि वापर, बांधकाम व इमारतीचं वय यांनुसार आकडा बदलतो. म्हणून शेजारचं दुकान आणि तुमचं घर सारख्याच क्षेत्रफळाचं असलं, तरी बिलं सारखी येत नाहीत.

‘500 चौरस फुटांपर्यंत घरपट्टी माफ आहे.’ 1 जानेवारी 2022 पासूनची ही माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या निवासी घरांना आहे. पुण्यातल्या माणसाने तिच्यावर विसंबून बिल बाजूला ठेवलं, तर थकबाकीच वाढते. पुण्याची सवलत वेगळी आहे: मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के. मात्र नव्याने आकारणी झालेल्या घराला ती आपोआप मिळेल असं धरू नका. पीटी-3 अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो, आणि अनेक कुटुंबं केवळ तो न भरल्यामुळे जादा कर भरत राहतात. याचं मला फार वाईट वाटतं.

‘पावती माझ्या नावावर, म्हणजे घर माझं.’ नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्तीही लागू शकते. पावतीने बांधकाम नियमित होत नाही, मालकीही सिद्ध होत नाही.

बिलातली सगळी रक्कम महापालिकेची, हेही खरं नाही. शिक्षण उपकर ती राज्य सरकारसाठी वसूल करते.

आकारणी चुकली आहे असं वाटलं, तर कर थकवून ती दुरुस्त होत नाही. महापालिका अधिनियमात थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्तीची तरतूद आहे. आकारणीची विशेष नोटीस आली की क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार स्वतः ताडून पाहा, आणि नोटिशीतल्या मुदतीतच लेखी हरकत नोंदवून पोच घ्या.