गरम-थंड कळेनासे झाले तर...

एप्रिल-मे महिन्यात घणसोली गावातल्या पत्र्याच्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. तापलेल्या पत्र्याला चुकून हात लागला, तर विचार करण्याआधीच आपण तो मागे घेतो. हे कसे घडते?

आपल्या त्वचेत मज्जातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. या टोकांच्या आवरणात प्रथिनांची अतिसूक्ष्म दारे असतात. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली, की त्यांपैकी 'टीआरपीव्ही-१' नावाचे दार उघडते. सोडियम आणि कॅल्शियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत शिरतात. त्यातून विजेचा संदेश तयार होतो आणि तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे धावतो. हात मागे घेण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. चटका बसला हे मेंदूला त्यानंतर कळते.

मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर तोंड भाजत नाही, तरी आग होते. कारण मिरचीतले कॅप्सेसिन हेच दार उघडते. पुदिन्यातले मेंथॉल थंडीचे दार उघडते, म्हणून गार वाटते. मिरचीचा हा गुण तपासतानाच अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला १९९७ मध्ये उष्णतेचे दार सापडले. २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मज्जातंतूच खराब झाले, तर हा संदेश पोहोचत नाही. अनेक वर्षे शुगर वाढलेली असली, की पाय बधिर होऊ शकतात. अशा माणसाला कढत पाण्याचा चटका कळत नाही, जखम चिघळते आणि कधी पाय कापण्याची वेळ येते. म्हणून आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला तपासायला सांगा. पाय शेकू नका. उन्हात अनवाणी चालू नका. रोज रात्री तळवे पाहा.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे गरम-थंड, स्पर्श कळत नाही? तो कुष्ठरोग असू शकतो. हा कुठल्या पापाचा भोग नाही, जंतूंमुळे होणारा आजार आहे. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधे मोफत मिळतात; ६ किंवा १२ महिन्यांच्या उपचारांनी तो पूर्ण बरा होतो. उशीर झाला, तर हातापायांत व्यंग राहू शकते.

दुखत नाही म्हणून चट्टा लपवू नका, दाखवायला जा.