लघवीची गोळी आणि मीठ

पायावर सूज आली की डॉक्टर ‘लघवीची गोळी’ देतात, आणि ती अंगातले पाणी खेचून काढते असा समज होतो. खरे तर ही नेहमीची गोळी अडवते ते मीठ. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले दीड-दोन लिटरच लघवीवाटे जातात, बाकीचे मुख्यतः मिठामागोमाग रक्तात परतते. उदाहरणादाखल फ्युरोसेमाइड ही गोळी पाहा. मूत्रनलिकेच्या चढत्या जाड भागातल्या पेशींवर, नलिकेच्या पोकळीकडे तोंड करून, एक वाहक प्रथिन बसलेले असते. ते एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकदमच आत घेते. फ्युरोसेमाइड नेमके तेच बंद पाडते, तेही पोकळीच्या बाजूने; म्हणून मूत्रपिंडे अधू असली की औषध तिथवर कमी पोहोचते आणि डोस वाढवावा लागतो. बार्टर सिंड्रोमच्या एका प्रकारात हेच प्रथिन जन्मतः सदोष असते. त्या बाळांना गोळीशिवायच भरमसाट लघवी होते, मीठ आणि पोटॅशियम वाहून जाते. याहून बोलका पुरावा कोणता?

मग पाणीच कमी प्यायले तर? मीठ अंगात राहिले तर ते पाणी धरून ठेवते, तहानही वाढवते. गोळी घेतली म्हणजे पथ्य नको, हे म्हणणे तर जास्तच घातक. फ्युरोसेमाइडचा असर साधारण सहा तासांत ओसरतो, आणि त्यानंतर मूत्रपिंडे मीठ अधिकच राखू लागतात. रात्रीच्या ताटात लोणचे-पापड असले, की सकाळी गेलेले मीठ तिथूनच परत येते.