क्रॅप्समधले वेगवेगळे बेट: फासे तेच दोन, मग प्रत्येक चौकोनाची किंमत वेगळी का?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. हिरवं टेबल, त्यावर इंग्रजीत लिहिलेले वीस-पंचवीस चौकोन आणि कोपऱ्यात दोन लाल फासे. खाली मेसेज होता, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना? यातला सगळ्यात सेफ बेट कुठला ते सांग."

तो पुण्यात कॉट बेसिसवर राहून शिकतो. मी विचारलं, "किती गेले?" बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत होतं. मग उत्तर आलं, "मेसचे." त्याच अ‍ॅपवर तो आधी 'सेवन अप सेवन डाउन' खेळून हरला होता आणि आता ते पैसे क्रॅप्समधून परत काढायचे होते.

त्या रात्री फोनवर त्याला जे समजावलं, तेच इथे नीट मांडतोय. बेट समजून घेण्यासाठी बारावीचंही गणित लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते.

आधी फासे

दोन फासे टाकले की एकूण ३६ प्रकारे दान पडू शकतं (६ गुणिले ६). पण प्रत्येक बेरीज सारख्या वेळा येत नाही. २ फक्त एकाच प्रकारे येते: १ आणि १. ७ मात्र सहा प्रकारे येते: १-६, २-५, ३-४ आणि हेच उलटे.

पूर्ण यादी अशी:

- २ आणि १२: प्रत्येकी १ प्रकार
- ३ आणि ११: प्रत्येकी २
- ४ आणि १०: प्रत्येकी ३
- ५ आणि ९: प्रत्येकी ४
- ६ आणि ८: प्रत्येकी ५
- ७: ६ प्रकार

क्रॅप्सचं सगळं टेबल या एका यादीवर उभं आहे.

बेटची किंमत कुठे लपलेली असते?

सगळ्यात सोपा बेट घेऊ: 'एनी सेवन'. पुढच्या दानात ७ पडला तर एकास चार मिळतात. म्हणजे १०० रुपये लावले तर वर ४०० मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. काही अ‍ॅप्स यालाच '५ पट' असं दाखवतात, कारण त्यात तुमचे स्वतःचे १०० धरलेले असतात. आकडा मोठा दिसतो, व्यवहार तोच.

समजा ३६ वेळा प्रत्येकी १०० रुपये लावले आणि प्रत्येक दान बरोबर एकदा पडलं. ६ वेळा जिंकलात, २,४०० मिळाले. ३० वेळा हरलात, ३,००० गेले. ३,६०० रुपये फिरवून ६०० चा तोटा, म्हणजे दर शंभरामागे १६ रुपये ६७ पैसे.

बरोबरीचा व्यवहार असता तर एकास पाच मिळायला हवे होते. मिळाले चार. मधला जो एक गायब झाला, तीच त्या बेटची किंमत. याला 'हाउस एज' म्हणतात. कॅसिनोला फासे फिरवायची, कुणाला फसवायची गरज नसते. बक्षीस थोडं कमी ठेवलं की झालं.

पास लाइन: टेबलाचा मुख्य बेट

क्रॅप्समध्ये पहिल्या दानाला ७ किंवा ११ पडला तर पास लाइनवाला जिंकतो. २, ३ किंवा १२ पडला तर हरतो. बाकी काहीही पडलं (४, ५, ६, ८, ९, १०) तर तो आकडा 'पॉइंट' होतो. मग फासे पुन्हा पुन्हा टाकायचे. ७ च्या आधी पॉइंट परत आला तर जिंकलात, आधी ७ आला तर हरलात. जिंकलात तर एकास एक.

सगळ्या शक्यता एकत्र केल्या की दर ४९५ डावांत सरासरी २४४ वेळा जिंकता आणि २५१ वेळा हरता. फरक फक्त सातचा. शंभरामागे १ रुपया ४१ पैसे. 'डोन्ट पास' हा साधारण उलटा बेट, पण त्यात पहिल्या दानाला १२ पडला तर कुणीच जिंकत नाही. या एका नियमामुळे तिथेही हाउसच पुढे राहतं.

बाकीचे चौकोन

डाव निकाली निघेपर्यंत शंभर रुपयांमागे सरासरी किती जातात, ते नेहमीच्या दरांप्रमाणे असं:

- डोन्ट पास: १ रुपया ३६ पैसे
- पास लाइन: १ रुपया ४१ पैसे
- प्लेस ६ किंवा ८ (६० लावले तर ७० मिळतात): १ रुपया ५२ पैसे
- फील्ड (२ आणि १२ ला दुप्पट): ५ रुपये ५६ पैसे
- हार्ड ६ किंवा ८ (एकास नऊ): ९ रुपये ९ पैसे
- एनी क्रॅप्स, म्हणजे २, ३ किंवा १२ (एकास सात): ११ रुपये ११ पैसे
- नुसता १२ (एकास तीस): १३ रुपये ८९ पैसे
- एनी सेवन (एकास चार): १६ रुपये ६७ पैसे

यातला 'फील्ड' नीट बघा, कारण नवीन माणूस हमखास तिथे फसतो. त्यात २, ३, ४, ९, १०, ११, १२ यापैकी काहीही आलं की जिंकलात. अकरापैकी सात आकडे आपले, मस्त वाटतं. पण वरची यादी काढून मोजा. या सात आकड्यांची मिळून १६ दानं होतात. उरलेल्या ५, ६, ७, ८ या चार आकड्यांची २० होतात. आकडे मोजायचे नाहीत, दानं मोजायची.

'हार्ड ६' म्हणजे ३-३ असा जोडीने आलेला सहा. तो यायचा एकच प्रकार. त्याआधी ७ (सहा प्रकार) किंवा साधा ६ (चार प्रकार) पडला की हरलात. एकाविरुद्ध दहा, पण बक्षीस एकास नऊ. इथेही तोच एक गायब.

आणि एक बेट असा आहे ज्याची किंमत शून्य आहे. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे जादा पैसे लावता येतात, त्याला 'ऑड्स' म्हणतात. ४ किंवा १० वर एकास दोन, ५ किंवा ९ वर दोनास तीन, ६ किंवा ८ वर पाचास सहा मिळतात. बरोबर तेवढेच, जेवढे मिळायला हवेत. पण पास लाइन लावल्याशिवाय हा बेट लावता येत नाही आणि पास लाइनवरचा तोटा त्याने भरून निघत नाही. फक्त एका डावात जास्त पैसे टांगणीला लागतात.

थोडक्यात, माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर: सेफ बेट नाही. स्वस्त बेट आहेत आणि महाग बेट आहेत. आणि ज्या चौकोनावर मोठा आकडा चमकतो, तो बहुतेक वेळा महाग असतो.

सेवन अप सेवन डाउन

आपल्याकडे क्रॅप्सपेक्षा हा खेळ जास्त ओळखीचा. सोसायटीच्या दिवाळी पार्टीतही कुणीतरी मांडतं. ७ पेक्षा कमी किंवा ७ पेक्षा जास्त यावर एकास एक, बरोबर ७ वर एकास चार.

'डाउन'ला १५ दानं जिंकवतात, २१ हरवतात. म्हणजे शंभरामागे पुन्हा १६ रुपये ६७ पैसे. ७ वर लावा, वर लावा, खाली लावा, तिन्हीकडे किंमत तीच. फिफ्टी-फिफ्टी वाटणारा हा खेळ पास लाइनपेक्षा जवळजवळ बारा पट महाग आहे.

अ‍ॅपमध्ये खरा खर्च वेगाचा

भाऊ म्हणाला, "मी तर पन्नास-पन्नासच लावत होतो." त्या अ‍ॅपवर दर १५ सेकंदांना नवीन दान पडायचं. मिनिटाला ४, तासाला २४०. पन्नास रुपये गुणिले २४० म्हणजे १२,००० रुपये. खिशात तेवढे नसले तरी तेच पैसे फिरत राहतात. त्याच्या १६.६७ टक्के म्हणजे तासाला सरासरी २,००० रुपये.

खऱ्या टेबलावर लोक फासे उचलतात, पैसे मोजतात, गप्पा मारतात, त्यात वेळ जातो. फोनवर तो ब्रेकच नसतो.

"डबल करत गेलो तर?"

त्याने नेमकं हेच केलं. हरलं की दुप्पट लावायचं, एकदा जिंकलं की सगळं वसूल. ५०, १००, २००, ४००, ८००, १,६००. सलग सहा वेळा हरलात तर ३,१५० रुपये गेले आणि पुढच्या दानाला ३,२०० हवेत, तेही फक्त पन्नास रुपये नफ्यासाठी.

सलग सहा वेळा हरणं दुर्मीळ वाटतं ना? 'डाउन'वर प्रत्येक वेळी हरण्याची शक्यता ३६ पैकी २१ आहे. सलग सहा वेळा हरण्याची शक्यता साधारण ४ टक्के. म्हणजे पंचवीस वेळा ५० पासून सुरुवात केलीत तर सरासरी एकदा हे होतंच. त्याच्या बाबतीत ते दुसऱ्याच संध्याकाळी झालं.

"पण दादा, पाच दानं सात आलाच नव्हता, आता येणारच होता." पाच दानांत एकदाही ७ न येण्याची शक्यता ४० टक्के आहे, त्यात विशेष काही नाही. आणि सहाव्या दानाला ७ येण्याची शक्यता होती तेवढीच राहते, सहात एक. फाशांना मागचं आठवत नाही.

मग गणित येणारा जिंकत नाही का?

महाभारतात नल राजा फाशांत राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजाकडून तो फाशांची विद्या शिकतो आणि परत खेळून राज्य जिंकतो. पण त्याच्या समोर पुष्कर होता, त्याचा भाऊ. बरोबरीचे दोघं, मध्ये कुणी हिस्सा कापणारा नाही. कॅसिनोत समोर हाउस असतं आणि त्याने दर आधीच ठरवलेले असतात. तिथे गणित येणाऱ्याला एवढंच कळतं की आपण किती दराने हरणार आहोत.

अ‍ॅपमध्ये तर फासेही नसतात. स्क्रीनवर गडगडतात ते नुसतं अ‍ॅनिमेशन. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, प्रामाणिक फासे टाकणारा कोड दोन ओळींत लिहून देऊ शकतो. तुम्ही कशावर किती लावलंय ते बघून मग दान ठरवणारा कोड लिहायलाही फार वेळ लागणार नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतील. सर्व्हर कुठे आहे, कोण तपासतंय हे माहीत नसेल, तर वरची टक्केवारी हा फक्त 'चांगल्यात चांगला' अंदाज समजा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी वेगळा कायदा झाला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने आपला कायदा बदलून परवानगी दिली, म्हणून पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिसतात.

ऑनलाइनचं वेगळं आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्राच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे फसवणूक झाली असेल तर भीतीने गप्प बसू नका. सायबर फसवणुकीसाठी १९३० वर फोन करा. खेळणं सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

स्वतः करून बघा, फुकटात

फोनवर गूगल शीट्स उघडा. दोन सेलमध्ये रँडबिटवीन फॉर्म्युला वापरून १ ते ६ आकडे आणा, तिसऱ्यात बेरीज करा आणि हजार ओळी खाली ओढा. बेरीज ७ पेक्षा कमी असेल तर अधिक ५०, नाहीतर वजा ५०, असा चौथा कॉलम करा आणि शेवटी टोटल मारा. सरासरी ८,००० च्या आसपास तोटा दिसेल. एका प्रयत्नात कमी, दुसऱ्यात जास्त, पण नफा दिसेपर्यंत तुमचाच कंटाळा संपेल.

भावाने ते शीट माझ्यासमोर व्हिडिओ कॉलवर केलं. चार वेळा रिफ्रेश केलं, चारही वेळा टोटल लाल. मग त्याने अ‍ॅप काढून टाकलं. मेसवाल्या काकूंशी मी बोललो, त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. मावशीला मात्र त्याने स्वतः सांगायचं असं ठरलंय, दिवाळीला घरी गेल्यावर.

तुमच्या ओळखीत कुणी 'फक्त पन्नास-पन्नास' लावत असेल, तर त्याला तासाचा हिशोब तेवढा करून दाखवा.