भाद्रपदांतला वसंत

संस्कृत कवींनीं 'ऋतुराज' ही पदवी वसंतास दिली. परंतु सह्याद्रीच्या पठारांना ती मान्य नाहीं. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरांवर असलेल्या कास पठाराचा खरा वसंत भाद्रपदांत येतो. तेथें जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि तींतही नत्राचा दुष्काळ. म्हणूनच 'सीतेचीं आसवें' ही निळसर जांभळ्या फुलांची नाजूक वनस्पति सूक्ष्म फुग्यांत किडे ओढून घेऊन आपली उणीव भागविते; 'दवबिंदू' चिकट थेंबांनीं तेंच साधतो. शेजारीं गेंदाचे पांढरे गालिचे, तेरड्याची गुलाबी दाटी. आणि जवळच भांबवलीच्या दरींत वजराईचा धबधबा टप्प्याटप्प्यानें कोसळत असतो.

२०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या पश्चिम घाटांत या पठाराचा समावेश आहे. प्रेक्षकांची रीघ एवढी वाढली, कीं प्रवेशाची दैनिक मर्यादा ठरवावी लागली. यांतील अनेक रोपें वर्षायु. बीं गळण्यापूर्वीं पाय पडला, कीं पुढील वर्षाचें फूलच तुडविलें गेलें. तेव्हां मुलाबाळांसह अवश्य जावें. पण पायवाट सोडूं नये आणि वेणींत माळण्यासही एक फूल खुडूं नये. वनदेवतेची पूजा तीच.